पोकरमध्ये जिंकलेला पैसा आणि शिकण्याचे वय : कायदा, कर आणि वेळ यांचा हिशेब

नवी दिल्ली : नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या एक क्रमांकाच्या फलाटाकडून बाहेर पडले की समोर पहाडगंज लागते. मेन बाजारातील लॉज आणि हॉटेले, त्यामागे चुना मंडी, मुलतानी ढांडा या गल्ल्यांतील भाड्याच्या खोल्या, आराम बागेकडची नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन यांमुळे दिल्लीत येणाऱ्या मराठी माणसाला हा परिसर परका वाटत नाही. रामकृष्ण आश्रम मार्ग या मेट्रो स्थानकावरून दुसरेच स्थानक करोल बाग; तेथून स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांचे जुने राजेंद्र नगर जवळ. नवी दिल्ली स्थानकावरून पिवळ्या मार्गिकेने निघाल्यास दिल्ली विद्यापीठाचा उत्तर परिसर गाठता येतो. घरून येणारे पैसे महिनाअखेरीस अपुरे पडणे आणि खोलीत एकट्याने काढायच्या लांब रात्री, हे अशा वस्तीत राहणाऱ्या विद्यार्थ्याचे जुनेच अनुभव आहेत. गेल्या दशकात त्यांच्या जोडीला हातातील मोबाइलवर पैशांचा पत्त्यांचा डाव आला.

पोकर, रमी यांसारख्या खेळांत पैसे गमावलेल्या तरुणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. जे जिंकले, त्यांच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षी खोलीचे भाडे, खानावळीचे पैसे आणि शुल्क पोकरमधून भागवणारे विद्यार्थी होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. संसदेने २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने ती वाट बंद केली. मात्र जिंकलेल्या रकमेवरील कर, जुन्या व्यवहारांची जबाबदारी, परदेशी संकेतस्थळांचे आमिष आणि शिक्षणातून निसटलेला वेळ हे प्रश्न कायद्याबरोबर संपलेले नाहीत.

कौशल्य किती, नशीब किती

पोकरच्या ‘टेक्सास होल्डेम’ या सर्वाधिक प्रचलित प्रकारात प्रत्येक खेळाडूला दोन बंद पाने मिळतात आणि मध्ये पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडली जातात. या सात पानांतून पाच पानांचा सर्वांत भारी संच ज्याचा, त्याचा डाव. दर टप्प्यावर पैसे लावायचे, वाढवायचे किंवा पाने टाकून बाजूला व्हायचे. हलकी पाने असूनही आत्मविश्वासाने बोली वाढवून समोरच्याला माघार घ्यायला लावता येते. झब्बू किंवा मेंढीकोट खेळलेल्या वाचकाला पाने लक्षात ठेवण्याचे महत्त्व सांगायला नको. पोकरमध्ये त्यावर संभाव्यतेचे गणित आणि माणूस ओळखण्याची पारख चढते.

पहिल्याच वाटपात दोन एक्के हाती येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. दोन एक्के विरुद्ध दोन राजे असा सामना झाला आणि सर्व पैसे आत गेले, तर एक्केवाला सुमारे ८२ टक्के वेळा जिंकतो. हे प्रमाण भक्कम वाटते. पण असा अनुकूल सामना सलग पाच वेळा आला, तर पाचही वेळा जिंकण्याची शक्यता ३७ टक्केच उरते. म्हणजे सर्व काही बरोबर करणारा खेळाडूही त्या पाचांत एकदा तरी हरण्याचा संभव अधिक. आपण खरोखर चांगले खेळतो की आपले दिवस चांगले आहेत, याचा निवाडा काही शे डावांत होत नाही. त्याला हजारो, कधी लाखभर डाव लागतात. सुरुवातीलाच जिंकणाऱ्या विद्यार्थ्याची फसगत बहुधा येथे होते. दोन महिन्यांची कमाई त्याला आपल्या बुद्धीचा पुरावा वाटते आणि तो मोठ्या रकमेच्या टेबलावर जातो.

शिवाय हा डाव मित्रांच्या बैठकीतला नसतो. कोकणात आणि गोव्यात गणपतीच्या जागरणाला पत्ते पिसले जातात, उत्तरेत दिवाळीला तीन पत्तीच्या बैठका रंगतात. तेथे एकाने गमावलेले दुसऱ्याच्या खिशात जाते आणि पैसा घरातच फिरतो. ऑनलाइन टेबलावर प्रत्येक डावातून चालक कंपनी आपला हिस्सा काढून घेते. समजा, एक हजार रुपयांच्या डावातून पाच टक्के कापले गेले, तर पन्नास रुपये टेबलावरून कायमचे गेले. असे शेकडो डाव झाल्यावर सर्व खेळाडू मिळून तोट्यात असणे अपरिहार्य होते. जिंकायचे तर इतरांपेक्षा सरस असणे पुरत नाही, कंपनीचा हिस्सा भरून निघेल इतके सरस असावे लागते.

या खेळाच्या बौद्धिक प्रतिष्ठेला आधार नव्हता, असे मात्र नाही. कोझिकोडच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत पोकरच्या आधारे स्पर्धात्मक व्यूहरचना शिकवणारा अभ्यासक्रम सुरू झाला होता. निकिता लुथर यांनी २०१८ मध्ये लास व्हेगास येथील जागतिक पोकर मालिकेत सांघिक प्रकारातील विजेतेपदाचे कंकण मिळवले. अशी नावे जाहिरातींत आणि समाजमाध्यमांवर वारंवार झळकत. त्याच टेबलांवरून उठून गेलेल्यांची नावे कोणी छापत नाही, ही गोष्ट विसाव्या वर्षी ध्यानात येणे कठीण.

न्यायालये ते संसद

ब्रिटिश काळातील १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते. मुंबई इलाख्यासाठी १८८७ मध्ये झालेल्या आणि महाराष्ट्रात आजही आधारभूत असलेल्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही तशी सूट आहे. दिल्लीसाठी १९५५ चा स्वतंत्र कायदा आहे. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सत्यनारायण प्रकरणात म्हटले आणि पुढची पन्नास वर्षे पत्त्यांच्या खेळांचे समर्थक याच निकालाचा हवाला देत राहिले.

पोकरबाबत न्यायालयांचे एकमत झाले नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला जुगाराच्या व्याख्येतून वगळले होते. नागालँडने परवाना पद्धत आणली. गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पोकर हा जुगारच असल्याचा निर्णय दिला, तर मद्रास उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रमी व पोकर हे कौशल्याचे खेळ मानले. दिल्लीतील एका जिल्हा न्यायालयाने २०१२ मध्येच एक वेगळा मुद्दा मांडला होता : प्रत्यक्ष टेबलावर कौशल्याचा असलेला खेळ संगणकाच्या पडद्यावर पैसे लावून खेळल्यास त्याला तोच न्याय लावता येईल का? त्या न्यायालयाचे उत्तर नकारार्थी होते. पुढे उच्च न्यायालयातील संबंधित प्रकरण मागे घेण्यात आले आणि प्रश्न अनिर्णित राहिला. या संदिग्धतेच्या काळातच व्यवसाय फोफावला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने या वादाला वळसा घातला. ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत आणि २१ ऑगस्टला राज्यसभेत संमत झाले. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदच या कायद्याने गैरलागू ठरवला. पैसे किंवा अन्य मोल लावून, त्याबदल्यात पैशाच्या लाभाची अपेक्षा ठेवून खेळला जाणारा कोणताही ऑनलाइन खेळ ‘ऑनलाइन मनी गेम’ ठरतो आणि तो उपलब्ध करून देण्यास मनाई आहे. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरातीसाठी २ वर्षांपर्यंत कारावास आणि ५० लाखांपर्यंत दंड, तर बँका व देयक कंपन्यांनी असे व्यवहार पार पाडल्यास पुन्हा ३ वर्षे व १ कोटी अशी कमाल शिक्षा आहे. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळले जाणारे सामाजिक खेळ यांना मुभा आहे. ऑनलाइन पैशांच्या खेळांमुळे सुमारे ४५ कोटी लोकांवर विपरीत परिणाम झाला आणि २० हजार कोटी रुपयांहून अधिक हानी झाली, असा सरकारचा अंदाज आहे.

मंजुरीच्या सुमारासच पोकरबाजी, ड्रीम इलेव्हन, एमपीएल यांसह प्रमुख कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. कायद्याला उच्च न्यायालयांत आव्हान मिळाले आणि त्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही की, या केंद्रीय कायद्यात केवळ खेळणाऱ्यासाठी शिक्षा नाही. खेळाडूकडे पीडित म्हणून पाहण्याची भूमिका सरकारने मांडली. त्याचा अर्थ खेळणे सर्वत्र निर्धोक आहे असा होत नाही, कारण राज्यांचे जुगारविरोधी कायदे कायम आहेत. प्रत्यक्ष टेबलावरचा खेळ हा आणखी वेगळा विषय. गोव्यातील कॅसिनोंना राज्याच्या कायद्याखाली परवाने आहेत, पण तेथे २१ वर्षांखालील व्यक्तीस प्रवेश नाही. म्हणजे पदवीचे बहुतेक विद्यार्थी तेथेही बाहेरच.

जिंकल्यावर हाती किती राहते

कराचा विषय विद्यार्थ्यांना सर्वांत उशिरा कळतो. ‘माझे उत्पन्नच नाही, मग कर कसला’ हा सर्वसाधारण समज. १ एप्रिल २०२३ पासून आयकर कायद्यात ऑनलाइन खेळांतील निव्वळ जिंकलेल्या रकमेसाठी कलम ११५बीबीजे आणि उद्गम करकपातीसाठी, म्हणजे टीडीएससाठी, कलम १९४बीए आले. दर सरसकट ३० टक्के, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. पगार किंवा व्यवसायाच्या उत्पन्नाला मिळणारी मूळ करमुक्त मर्यादा या रकमेला लागू होत नाही. त्यामुळे एक रुपयाही अन्य उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याला आणि कोट्यधीशाला येथे मूळ दर एकच. कलम ८७ए खालील सवलतीचा प्रश्न स्वतंत्र आहे. ती करप्रणाली व वर्षानुसार बदलत गेली असल्याने सनदी लेखापालाला विचारूनच तो सोडवावा.

निव्वळ रकमेचा हिशेब असा : वर्षात काढून घेतलेली रक्कम आणि वर्षअखेरची शिल्लक यांच्या बेरजेतून स्वतः भरलेली रक्कम आणि वर्षारंभीची शिल्लक वजा करायची. समजा, एका विद्यार्थ्याने वर्षभरात ८० हजार रुपये भरले, २ लाख ८० हजार काढले आणि दोन्ही टोकांची शिल्लक शून्य होती. निव्वळ जिंकलेली रक्कम २ लाख. टीडीएस ६० हजार. बँकेत प्रत्यक्ष आले २ लाख २० हजार आणि त्यातून स्वतःचे ८० हजार वजा केले की हाती राहिले १ लाख ४० हजार. मित्रांना सांगताना मात्र बहुधा २ लाख ८० हजारांचाच आकडा सांगितला जातो.

वर्षाची सीमा हा यातला सर्वांत कठोर भाग आहे. ३१ मार्चला खात्यात जिंकलेले १ लाख पडून असतील, तर न काढताही ३० हजारांची कपात होते. एप्रिलमध्ये उरलेले ७० हजार हरल्यास आदल्या वर्षी कापलेला कर परत मिळत नाही. या तोट्याची वजावट अन्य उत्पन्नातून घेता येत नाही, तो पुढच्या वर्षी नेताही येत नाही. इंटरनेट, लॅपटॉप किंवा शिकवणीवर केलेला खर्चही वजा होत नाही.

कपात झालेल्या रकमेची नोंद २६एएस आणि वार्षिक माहिती विवरणात दिसते. म्हणजे विद्यार्थ्याने सांगितले नाही, तरी खात्याला ठाऊक असते. विवरणपत्र भरताना सोपा ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ नमुना चालत नाही, कारण विशेष दराचे उत्पन्न त्यात दाखवता येत नाही. सामान्यतः आयटीआर-२ भरावा लागतो. परदेशी संकेतस्थळाने कर कापला नसेल तर जबाबदारी खेळाडूची. उत्पन्न बेकायदा मार्गाने आले म्हणून ते करमुक्त होत नाही, हे आयकराचे जुने तत्त्व येथेही लागू आहे.

यात वस्तू व सेवा कराचा भार वेगळा. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळासाठी भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. पूर्वी तो कंपनीच्या सेवाशुल्कापुरता होता. भरलेल्या शंभर रुपयांत करासह हिशेब केल्यास खेळायला सुमारे ७८ रुपये उरत. काही कंपन्यांनी हा फरक बोनसच्या रूपाने भरून दिला, म्हणून तो अनेकांच्या लक्षातच आला नाही. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये हा दर ४० टक्क्यांवर गेला, पण तोवर देशी कंपन्यांची टेबले बंद झाली होती.

तासांचा हिशेब

पैशाच्या हिशेबापेक्षा तासांचा हिशेब अधिक बोलका आहे. समजा, एखादा विद्यार्थी महिन्याला १५ हजार रुपये जिंकतो आणि त्यासाठी रोज चार तास खेळतो. महिन्याचे १२० तास, म्हणजे तासाला १२५ रुपये. ३१.२ टक्के कर वजा केल्यास ८६. ही रक्कमही दर महिन्याला मिळेल याची शाश्वती नाही. शाळकरी मुलांची घरगुती शिकवणी कंटाळवाणी असते हे मान्य. पण तेथे महिनाअखेरीस शिकवणाऱ्यालाच पदरचे पैसे द्यावे लागत नाहीत.

हे चार तासही दिवसाचे नसतात. मोठ्या स्पर्धा संध्याकाळी सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत आणि जो चांगला खेळतो त्यालाच सर्वांत उशिरापर्यंत बसावे लागते. हरलेला लवकर झोपतो. दिल्ली विद्यापीठात परीक्षेला बसण्यासाठी सर्वसाधारणपणे दोन-तृतीयांश उपस्थितीची अट आहे. सकाळी पावणेनऊचा तास आणि पहाटे तीनला संपलेली स्पर्धा यांचा मेळ एखादा आठवडा बसतो, सत्रभर बसत नाही. स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराला तर उपस्थितीचेही बंधन नसते. त्याच्या दिवसाला बाहेरून आकार देणारे काहीच नसल्याने त्याचा धोका अधिक, असे आमचे मत आहे.

मेळ घालू पाहणारे काही जण खेळाचे पैसे आणि खर्चाचे पैसे वेगळ्या खात्यांत ठेवत, एका बैठकीत ठरावीक रकमेपलीकडे जात नसत, परीक्षेच्या महिन्यात ॲप काढून टाकत. या पद्धती चुकीच्या नव्हत्या. मात्र त्या जिंकत असतानाच पाळणे सोपे असते. हरलेले भरून काढण्याची ओढ लागली की पहिली मोडते ती ठरावीक रकमेची मर्यादा, आणि मग शुल्कासाठी घरून आलेल्या पैशांना हात लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात जुगाराच्या विकाराला स्वतंत्र स्थान आहे. नियंत्रण सुटणे, अन्य कामांपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही थांबता न येणे ही त्याची लक्षणे. यात हरण्याची अट नाही. जिंकत असलेल्या विद्यार्थ्यालाही ती लागू पडू शकतात, आणि घरच्यांच्या नजरेतून तोच सर्वांत जास्त निसटतो, कारण तो पैसे मागत नाही.

घरी काय सांगायचे, हा प्रश्न म्हणूनच गौण नाही. सातारा किंवा नांदेडकडचे वडील मुलाच्या खात्यात दीड लाख पाहून पहिल्यांदा घाबरतील. पण आयकर खात्याची सूचना कायमच्या पत्त्यावर, म्हणजे बहुधा गावीच, जाऊन धडकण्यापेक्षा मुलाने स्वतः आधी सांगितलेले बरे.

बंदीनंतरचे धोके

देशी टेबले बंद झाल्यावर दोन मार्ग पुढे आले : परदेशातून चालणारी संकेतस्थळे आणि दलालांमार्फत चालणारे खासगी ‘क्लब’. दुसऱ्या प्रकारात ॲपवर नाममात्र चिप्स असतात आणि खरे पैसे यूपीआयने दलालाच्या खात्यावर जातात-येतात. देशाबाहेरून भारतात दिल्या जाणाऱ्या सेवाही कायद्याच्या कक्षेत आहेत. चालकाने पैसे बुडवले, तर तक्रार कोणाकडे करायची? मुळात जो व्यवहार कायद्याने निषिद्ध, त्याच्या वसुलीसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही.

याहून मोठा धोका बँक खात्याचा आहे. दलालाच्या खात्यावरून आलेले ‘जिंकलेले’ पैसे मुळात कोणा तरी फसवणूक झालेल्या व्यक्तीचे असू शकतात. त्या व्यक्तीने १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार केली की पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला त्यांचा माग काढला जातो आणि रक्कम किंवा संपूर्ण खाते गोठवले जाते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलिसांना असा अधिकार आहे. तक्रार तेलंगणात नोंदलेली, खाते महाराष्ट्रातील गावच्या शाखेत आणि विद्यार्थी पहाडगंजच्या खोलीत, अशा वेळी खाते सोडवून घ्यायला आठवडे लागतात. त्याच खात्यावर शिष्यवृत्ती आणि घरचे पैसे येत असतात. काही दलाल थोड्या मोबदल्यात विद्यार्थ्यांचे खातेच वापरायला मागतात. खाते दिले की विद्यार्थी खेळाडू राहत नाही, पैसे फिरवणाऱ्या साखळीचा भाग होतो, आणि तेथे ‘खेळाडूला शिक्षा नाही’ हा बचाव उपयोगी पडत नाही.

ज्यांनी बंदीपूर्वी नोंदणीकृत कंपन्यांच्या टेबलांवर खेळून पैसे मिळवले, त्यांनी जुन्या ॲपमधून वर्षवार व्यवहारांचा तपशील उतरवून घ्यावा, टीडीएसची नोंद पडताळावी आणि विवरणपत्र भरायचे राहिले असल्यास सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. ॲप बंद पडल्यावर हा तपशील मिळवणे अवघड जाते. ज्यांना खेळ थांबवणे जड जात आहे, त्यांच्यासाठी दिल्लीत एम्समध्ये वर्तनविषयक व्यसनांवर उपचारांची सोय आहे आणि दिलशाद गार्डन येथे मानवी वर्तन व संबद्ध विज्ञान संस्था म्हणजे इहबास आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते.